अ‍ॅल्युमिनियमसाठी एंडमिल कसा निवडायचा: आधी चिपला जागा द्या

कुपवाड एमआयडीसीतल्या एका तरुण कारखानदारांचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: 6061-टी6 या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून हाउसिंग (यंत्राच्या भागाचं कवच) कोरायचं काम त्यांना मिळालंय. पॉकेट, म्हणजे कोरलेला खळगा, 25 मिमी खोल, बाजूच्या भिंती 3 मिमी जाड, आतल्या कोपऱ्यांना 8 मिमी रेडियस. मशीन बीटी40 टेपरच्या स्पिंडलची व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), स्पिंडल 8000 आरपीएमपर्यंत. स्टीलच्या कामासाठी आणलेला 10 मिमीचा, चार फ्ल्यूटचा (फ्ल्यूट म्हणजे दातापुढची पिळाची खाच, जेवढे फ्ल्यूट तेवढे दात), काळपट कोटिंगवाला कार्बाइड एंडमिल (टोकानं आणि कडेनं कापणारा कटर) ते 4500 आरपीएम आणि मिनिटाला 450 मिमी फीडवर चालवतात. धारेला माल धरतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसतं, पॉकेटमध्ये टूल तुटतं, भिंतीवर चॅटरच्या (टूल किंवा जॉब थरथरल्याच्या) रेघा येतात. पुढं एलएम25 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं कास्टिंगही याच मशीनवर येणार आहे. मग दोन फ्ल्यूट घ्यावा की तीन, हेलिक्स (धारेच्या पिळाचा कोन) 30 की 45 की 55, आणि कोटिंग कुठलं?

तुमच्या या हाउसिंगपुरतं उत्तर आधी देऊन टाकतो: 12 मिमीचा, तीन फ्ल्यूटचा, 40 ते 45 अंश हेलिक्सचा, फ्ल्यूट आरशासारखे पॉलिश केलेला कार्बाइड एंडमिल घ्या. कोपऱ्याला 0.5 मिमी रेडियस, कोटिंग नसलं तरी चालेल. पण हे का, ते समजून घेतलं नाही तर पुढच्या जॉबला हेच टूल लावाल आणि तिथं ते चुकीचं असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांगली-कोल्हापूरचा हा सगळा पट्टा बिडावर वाढलेला आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून इथल्या हातांना ओतीव लोखंडाची सवय. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, ट्रॅक्टरचे भाग हे आपलं रोजचं काम. बिडात ग्रॅफाइट असतं, त्यामुळं चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, जागच्या जागी चुरा होऊन पडते. तिला जागा लागत नाही, ती चिकटत नाही, कूलंट नसलं तरी भागतं. अशा कामावर तयार झालेला सेटर अ‍ॅल्युमिनियमला हात घालतो, तेव्हा 'जास्त दात म्हणजे जास्त काम, कोटिंग म्हणजे जास्त आयुष्य, नाजूक जॉब म्हणजे कमी फीड' हे तिन्ही नियम सोबत घेऊन येतो. बिडात हे तिन्ही बऱ्यापैकी खरे आहेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये तिन्ही उलटे पडतात.

अ‍ॅल्युमिनियमची चिप अखंड निघते, वळते, आणि मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापते. 10 मिमीच्या टूलमध्ये चार फ्ल्यूट बसवले की प्रत्येक दातापुढची पोकळी चिंचोळी होते. वर ते टूल स्टीलसाठी बनवलेलं असेल तर मधला गाभाही जाड ठेवलेला असतो. पॉकेटमध्ये पूर्ण रुंदीचा कट सुरू झाला की चिप पोकळीत शिरते, पण दात मोकळा होईपर्यंत तिला फिरायला जागा नसते. ती दाबली जाते, गरम होते आणि फ्ल्यूटच्या पाठीला चिकटते. पुढच्या फेरीत तिच्यावर दुसरी चिप बसते. पोकळी भरली की टूल कापायचं थांबतं आणि रेटायला लागतं, आणि मग तुटतं. ऑपरेटर म्हणतो, मटेरियल कडक आलं. मटेरियल तसंच असतं, चिपला वाट राहिलेली नसते. म्हणून एंडमिल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: या कटमध्ये निघालेली चिप कुठं जाणार?

त्या प्रश्नावरच फ्ल्यूटची संख्या ठरते. दोन फ्ल्यूटमध्ये जागा सगळ्यात जास्त. डायमीटरपेक्षा खोल अखंड स्लॉट घ्यायचा असेल, किंवा टूल 3-4 मिमीपेक्षा बारीक असेल, तर मी दोनच घेतो. चावीघाटही (कीवे) दोन फ्ल्यूटनं जास्त सरळ निघते. पण दोन फ्ल्यूटचा काटछेद डोळ्यांसमोर आणा. एका बाजूनं तो भरीव असतो, काटकोनात बघितला तर बारीक असतो. म्हणजे फिरताना त्याचा ताठपणा एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. तीन फ्ल्यूटच्या काटछेदाचा ताठपणा कुठल्याही दिशेनं सारखाच असतो, गाभाही सहसा जाड असतो, आणि पोकळी अजूनही पुरेशी मोठी राहते. शिवाय तुमचा स्पिंडल 8000 ला संपतो. 12 मिमीच्या टूलला तिथं कटिंग स्पीड मिळतो मिनिटाला सुमारे 300 मीटर. कार्बाइड 6061 मध्ये याच्या बरंच पुढं जाऊ शकतं, पण आपलं मशीन जाऊ शकत नाही. आरपीएम वाढवता येत नसेल तेव्हा उत्पादन वाढवायचा मार्ग एकच, एका फेरीत जास्त दात. दर दाताला 0.1 मिमी धरलं तर दोन फ्ल्यूटला 1600 फीड, तीनला 2400. व्हीएमसीवरच्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियम कामाला तीन फ्ल्यूट योग्य बसतो तो यामुळं.

एक फ्ल्यूटचे कटर बाजारात दिसतात. ते राउटरवर, 18000-24000 आरपीएमच्या कमी ताकदीच्या स्पिंडलवर, पत्रा आणि एक्स्ट्रूजन कापायला. तुमच्या कामाचे ते नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या भूमितीचे चार-पाच फ्ल्यूटचे कटरही मिळतात, पण ते भिंतीवरून पातळ थर काढायला. अख्ख्या पॉकेटमध्ये घालायचे नाहीत.

तीन फ्ल्यूटची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. त्याचा डायमीटर साध्या मायक्रोमीटरनं मोजता येत नाही, कारण दातासमोर दात येत नाही. त्यासाठी व्ही-अ‍ॅनव्हिलचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर एक कट घेऊन जॉबवर मोजा आणि ऑफसेट द्या.

आता धार. चिपला जागा दिली तरी धार बोथट असेल तर माल धरणारच. स्टीलच्या एंडमिलला धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते, नाहीतर ती कडक मटेरियलमध्ये उडते. रेक, म्हणजे धारेच्या पुढच्या चेहऱ्याचा झुकाव, कमी असतो. त्यावर एएलटीआयएन (अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियम नायट्राइड) जातीचं कोटिंग चढलं की धार आणखी थोडी गोल होते. त्या कोटिंगमध्ये मुळातच अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यामुळं जॉबचं अ‍ॅल्युमिनियम त्याला लवकर धरतं. तुमच्याकडचं काळपट टूल बहुधा याच जातीचं आहे. ते स्टीलसाठी बाजूला ठेवा, तिथं ते उत्तम काम करेल.

अ‍ॅल्युमिनियमच्या एंडमिलला रेडियल रेक साधारण 10 ते 20 अंश पॉझिटिव्ह असतो आणि धार खरोखरच तीक्ष्ण असते. डब्यातून काढताना बोटाला समजतं. चिप ज्या पृष्ठभागावरून सरकते तो पॉलिश केलेला असतो. हा पॉलिश दिखाऊ नाही. खरखरीत फ्ल्यूटवर चिपला धरायला दाते मिळतात, गुळगुळीत फ्ल्यूटवरून ती घसरून बाहेर पडते. दुकानात टूल घेताना भिंगातून दोन गोष्टी बघा. फ्ल्यूटच्या आत ग्राइंडिंगच्या आडव्या रेघा दिसतात का, आणि धारेवर बारीक खाचा दिसतात का. दोन्हींपैकी एक दिसलं तरी ते टूल 'अ‍ॅल्युमिनियमचं' म्हणून घेऊ नका, डब्यावर काहीही छापलेलं असो.

धारेच्या मागच्या उताराबद्दल, म्हणजे क्लिअरन्सबद्दल, कॅटलॉगमध्ये फार लिहिलेलं नसतं, पण चॅटरचं मूळ बऱ्याचदा तिथं असतं. रेक जास्त आणि क्लिअरन्सही जास्त असेल तर दात मटेरियलमध्ये स्वतःहून घुसायला बघतो, आणि पातळ भिंत लगेच गुणगुणायला लागते. चांगले उत्पादक यावर उपाय म्हणून धारेच्या लगेच मागं शतांश मिलिमीटरच्या हिशोबातली एक अरुंद गोल पट्टी सोडतात. ही पट्टी भिंतीला नुसती टेकते आणि थरथर दाबून टाकते. भिंगाखाली ती धारेला लागून चमकत्या रेषेसारखी दिसते. 3 मिमीच्या भिंती फिनिश करायला अशी पट्टी असलेलं टूल मिळालं तर तेच घ्या. दात असमान अंतरावर असलेले एंडमिलही चॅटरवर चांगले चालतात, कारण दातांचे ठोके एका तालात पडत नाहीत.

हेलिक्सवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, म्हणून इथं जरा थांबतो.

हेलिक्स वाढला की कापण्याचा जोर आडव्या दिशेकडून उभ्या दिशेकडं वळतो. ढोबळ हिशोब असा: फिरवायला लागणाऱ्या जोराला हेलिक्सच्या टॅनजंटनं गुणा, तेवढा जोर टूलच्या अक्षात येतो. 30 अंशाला तो 0.58 पट, 45 ला बरोबरीचा, 55 ला 1.43 पट. भिंत ढकलली जाते आडव्या जोरानं, म्हणून पातळ भिंतीला जास्त हेलिक्स सोसतो. दात एकदम न आदळता वरपर्यंत हळूहळू उतरत जातो, म्हणून फिनिशही चांगला येतो. इथपर्यंत सगळं 45 आणि 55 च्या बाजूनं आहे.

पण तो उभा जोर कुठल्या दिशेला आहे? उजव्या हाताच्या कटरला उजवा पीळ असेल तर चिप वर येते, आणि त्याच वेळी जॉब वर ओढला जातो, टूल होल्डरमधून खाली ओढलं जातं. कोलेट (टूल आवळून धरणारी चिरलेली बुश) जुनं असेल, आत तेलाचा थर असेल, नट अंदाजानं आवळलेला असेल, तर रफिंग चालू असतानाच टूल शतांशा-शतांशानं खाली सरकतं. मशीन अलार्म देत नाही. पॉकेटचा तळ मात्र एका टोकाला 25.00 आणि दुसऱ्या टोकाला 25.08 निघतो. लोक झेड अ‍ॅक्सिसला दोष देतात, सर्व्हिस इंजिनिअरला बोलावतात, आणि दोष निघतो कोलेटचा. म्हणून 45 च्या पुढचा हेलिक्स घेऊन जोरात रफिंग करायचं असेल तर ईआर जातीच्या साध्या कोलेटच्या भरवशावर राहू नका. सपाट पाडलेल्या शँकचा (शँक म्हणजे टूलचा होल्डरमध्ये जाणारा दांडा) साइड-लॉक होल्डर किंवा हायड्रॉलिक चक वापरा. ईआरच वापरायचं असेल तर शँक आणि कोलेट दोन्ही कोरडे पुसा, कोलेट नवं ठेवा आणि नट टॉर्क रेंचनं आवळा.

जॉबचा तळ पातळ असेल, किंवा पत्रा नुसता कडेनं क्लॅम्प केलेला असेल, तर 45 अंशाचा कटर त्याला मधून उचलतो. तिथं 30 किंवा त्याहून कमी हेलिक्स बरा, आणि पातळ पत्र्याला तर उलट्या पिळाचा, चिप खाली दाबणारा कटर. म्हणजे हेलिक्स मटेरियल बघून ठरवायचा नाही. जॉब कसा धरलाय आणि टूल कसं धरलंय हे बघून ठरवायचा. तुमचं हाउसिंग प्लेटमधून वाइसमध्ये भक्कम धरलेलं आहे, भिंती पातळ आहेत, तळ जाड आहे. म्हणून 40-45. 55 चा मोह टाळा.

हेलिक्सचा आणखी एक उपयोग आहे, जो कॅटलॉगच्या कोष्टकात सापडत नाही. एका दाताची धार पिळात वर जात असते. ज्या उंचीवर पुढचा दात त्याच रेषेत येतो ती उंची काढता येते: परिघाला दातांच्या संख्येनं आणि हेलिक्सच्या टॅनजंटनं भागायचं. 12 मिमी, तीन फ्ल्यूट, 45 अंशाला ती येते 12.57 मिमी. कटची उभी खोली या आकड्याच्या पूर्ण पटीत असली की एक दात जेवढा बाहेर पडतो तेवढाच दुसरा आत शिरतो, आणि टूलवरचा जोर फेरीभर जवळजवळ सारखा राहतो. आता तुमची भिंत 25 मिमी, आणि दोन पटी म्हणजे 25.1 मिमी. म्हणजे या टूलनं भिंत वरपासून खालपर्यंत एकाच पासमध्ये फिनिश केली तर ठोके जवळजवळ नाहीसे होतात. 10 मिमीच्या टूलला हाच आकडा 10.5 येतो, 25 मध्ये तो नीट बसत नाही. 12 मिमी सुचवण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण ताठपणाचं. ताठपणा डायमीटरच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे 10 वरून 12 वर गेलात की टूल दुप्पट ताठ होतं. बाहेर काढलेल्या लांबीचा परिणाम तिसऱ्या घातानं होतो. 30 ऐवजी 40 मिमी बाहेर ठेवलंत तर तेवढ्याच जोराला टूल 2.4 पट वाकतं. ऑपरेटर पुढच्या जॉबला उपयोगी पडेल म्हणून लांब टूल लांबच ठेवतो. या जॉबला 28-29 मिमी पुरे. पुढं कधी 50-60 मिमी खोल पॉकेट आलं तर पूर्ण लांबीचे फ्ल्यूट असलेला लांबडा कटर घेऊ नका. खाली आखूड फ्ल्यूट आणि वर भरीव मान थोडी बारीक केलेला, म्हणजे नेकवाला कटर मागवा. फ्ल्यूट जेवढा लांब तेवढा टूलचा भरीव भाग कमी.

कोपऱ्याचा रेडियस 8 आहे म्हणून 16 मिमीचं टूल घालायचा विचार कुणी सुचवेल. तो नको. टूलचा रेडियस आणि कोपऱ्याचा रेडियस सारखा झाला की कोपऱ्यात शिरताना टूलचा पाव परीघ एकदम मटेरियलला भिडतो, आणि तिथंच किंचाळी ऐकू येते. 6 च्या रेडियसचं टूल 8 च्या कोपऱ्यात वळत वळत जातं.

टूलच्या टोकाकडं सहसा कुणी बघत नाही. अगदी टोकदार कोपरा सगळ्यात आधी उडतो, आणि तो उडाला की तळाला रेघ पडते. ड्रॉइंगमध्ये तळाशी शार्प कोपरा मागितलेला नसेल तर 0.5 रेडियस घ्या. मागितलेला असेल तर पार्टीला फोन करून विचारा. बऱ्याचदा 0.5 चालतो, ड्रॉइंगवाल्यानं विचारच केलेला नसतो. टूल मध्यापर्यंत कापणारं, म्हणजे सेंटर कटिंग असायला हवं. तरीही ते सरळ खाली घुसवू नका. टोकाच्या मध्यभागी कटिंग स्पीड शून्य असतो, चिपला बाहेर यायला वाट नसते, आणि माल धरायला सुरुवात तिथूनच होते. 3 ते 5 अंशांच्या रॅम्पनं किंवा गोल गोल हेलिकल उतरवा.

फीडबद्दल. 4500 आरपीएम, चार दात, 450 फीड म्हणजे दर दाताला 0.025 मिमी. टूल वाचावं म्हणून फीड कमी ठेवलाय हे दिसतंच आहे. पण एवढ्या पातळ थरात थोडी गोल झालेली धार कापत नाही, घासते. घासल्यानं उष्णता होते, उष्णतेनं माल धरतो. नव्या टूलला 8000 आरपीएम आणि 2400 फीड द्या. 7 मिमी रुंद आणि 6 मिमी खोल कटला हे मिनिटाला 100 घनसेंटिमीटर धातू काढतं, आणि ताकद लागते दीड किलोवॉटच्या आसपास. तुमच्या स्पिंडलला हे जड नाही. कॅममध्ये (प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे टूलवरचा भार सारखा ठेवणारा टूलपाथ असेल तर आणखी चांगलं: जवळपास पूर्ण खोली आणि फक्त 1.5 मिमी रुंदी घ्या. मात्र रुंदी डायमीटरच्या निम्म्यापेक्षा कमी झाली की खरी चिप फीडपेक्षा पातळ निघते. 12 पैकी 1.5 मिमी रुंदीला ती दोन तृतीयांश होते. म्हणून तिथं दर दाताला 0.13-0.14, म्हणजे 3200 च्या आसपास फीड द्यायला घाबरू नका. धारेची खरी चिप 0.09 च राहते. आणि कट नेहमी क्लाइम्ब दिशेनं, म्हणजे दात जाड थरात शिरून पातळ थरातून बाहेर पडेल असा.

हे सगळं करण्याआधी टूलचं रनआउट, म्हणजे फिरताना ते मध्यापासून किती हलतं ते बघा. लिव्हर डायल टोकाजवळ लावा, स्पिंडल हातानं फिरवा. 0.01 च्या आत हवं. 0.03 आलं तर तीन दातांतला एकच दात बहुतेक काम करतो आणि आपण तीन फ्ल्यूटचे पैसे देऊन एक फ्ल्यूट चालवत असतो.

कोटिंगवर थोडंसं. 6061, 6082 (आपल्याकडं एचई30 म्हणून मिळतं ते) यांना कोटिंग नसलेलं पॉलिश टूल पुरतं. बॅच मोठी असेल तर झिरकोनियम नायट्राइड, टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर). झिरकोनियम नायट्राइड फिकट सोनेरी दिसतं आणि साधं टायटॅनियम नायट्राइडही सोनेरीच असतं, त्यामुळं रंग बघून घेऊ नका, डब्यावरचं नाव वाचा. 1100 किंवा 5083 सारखं मऊ, चिवट मटेरियल आलं तर धार आणखी तीक्ष्ण आणि पोकळी आणखी मोठी हवी. 7075-टी6 उलट सरळ वागतं, चिप छान तुटते.

एलएम25 चं गणित वेगळं आहे. त्यात 6.5 ते 7.5 टक्के सिलिकॉन असतं. माल धरणं कमी होतं, पण धार झिजणं वाढतं. इथं टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसीचे पैसे वसूल होतात. रेक थोडा कमी असला तरी चालतो, कारण धारेला पाठबळ हवं असतं. एलएम6 किंवा एडीसी12 मध्ये सिलिकॉन 10 टक्क्यांच्या आसपास किंवा पुढं जातं, तिथं स्पीड थोडा उतरवा. आणि 12-13 टक्क्यांच्या वर, म्हणजे एलएम30 सारख्या मिश्रधातूत, सिलिकॉनचे कडक खडे वेगळे पडतात. मोठी बॅच असेल तर ते काम पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या धारेच्या) टूलचं आहे, कार्बाइडवर पैसे घालवू नका. सँड कास्टिंगच्या सालीत वाळू अडकलेली असते. पहिला पास सालीच्या खाली जाईल एवढा खोल घ्या. सालीवरून 0.2 चा पास फिरवणं म्हणजे धार वाळूवर घासणं. पहिल्या पासला जुनं टूल लावा, पॉलिशवालं नवं टूल त्यानंतर.

व्हीएमसीशेजारी जुनं हँड मिलिंग असेल आणि त्यावरही अ‍ॅल्युमिनियम काढायचं असेल तर तिथं कार्बाइडचा हट्ट नको. 1500 आरपीएमला 12 मिमीच्या टूलचा स्पीड होतो जेमतेम 56 मीटर. या स्पीडला दोन फ्ल्यूटचा, कोबाल्ट असलेला चांगला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर तेवढंच काम करतो, आणि मशीनमधल्या ढिलाईला तो कार्बाइडपेक्षा सोसतो.

कूलंट भरपूर आणि नेमक्या जागी हवं. पॉकेटमध्ये त्याचं मुख्य काम थंड करणं नाही, चिप बाहेर फेकणं आहे. एक नोझल धारेवर आणि एक पॉकेटच्या तळावर, जमल्यास हवेची एक नळीसुद्धा. बाहेर न गेलेली चिप पुन्हा दाताखाली आली की भिंतीवर ओरखडा उठतो, आणि चांगली भूमिती वाया जाते. बोअरचं जड पाणी असेल तर इमल्शन फाटतं, म्हणून टाकीत पाणी घालण्याआधी ते तपासा. इमल्शन 8 टक्क्यांच्या आसपास ठेवा.

धारेला माल धरलाच तर ब्लेडनं खरडू नका, धार उडते. कोटिंग नसलेलं कार्बाइड टूल कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात ठेवलं की अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि कार्बाइड तसंच राहतं. पण हातमोजे आणि चष्मा घालूनच, उघड्या हवेत, जवळ आग किंवा ठिणगी नसताना, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं कधीच नाही. कोटिंग असलेल्या टूलला हे करू नका.

रिग्राइंडिंगला देताना नीट सांगून द्या. बरेच ठिकाणी फक्त बाहेरच्या बाजूनं क्लिअरन्स घासून टूल परत देतात. धार हाताला लागते, पण फ्ल्यूटचा झिजलेला चेहरा तसाच राहतो, रेक बदलतो आणि ती अरुंद पट्टी निघून जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या टूलला फ्ल्यूटच्या आतूनच ग्राइंड करून पुन्हा पॉलिश करायला लागतं. असमान दातांच्या टूलला दातांची जागाही तीच ठेवायला लागते. हे करणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा. नाही भेटला तर झिजलेलं टूल एलएम25 च्या सालीसाठी ठेवून फिनिशिंगला नवं घ्या.

पहिला जॉब निघाल्यावर वाइसमधून सोडायच्या आधी तीन गोष्टी बघा. तळाची खोली चारही कोपऱ्यांत आणि मधे मोजा. कट जिथं सुरू झाला तिथून संपेपर्यंत ती वाढत गेली असेल तर टूल कोलेटमधून सरकतंय. मधे जास्त खोल आणि कडेला बरोबर असेल तर जॉब कापताना वर उचलला जातोय, तो कसा धरलाय ते तपासा. भिंतीची जाडी वर आणि खाली मोजा. वर जास्त असेल तर भिंत मागं सरतेय, म्हणून फिनिशिंगला 0.25 ऐवजी 0.15 मटेरियल सोडा. खाली जास्त असेल तर टूल वाकतंय, मग बाहेर काढलेली लांबी कमी करा. आणि ट्रेमधली चिप उचलून बघा. ती स्टीलसारखी निळी पडत नाही, त्यामुळं रंगावरून काही कळणार नाही. आतली बाजू चकचकीत आणि कडा सलग असतील तर धार कापतेय. कडा फाटलेल्या, करवतीसारख्या असतील तर 0.1 वरून दर दाताला 0.12 वर जाऊन पुन्हा एक जॉब काढा, आणि तरीही तसंच दिसलं तर टूल काढून भिंगाखाली घ्या.